माझ्या काचघरात कोणी उभे नव्हते

मित्रांनो, राइटनबर्गच्या जुन्या शेडमध्ये उजव्या हाताच्या रुळावर जे बुटके काळे इंजिन उभे आहे, ते मी. मला पाहायला येणारी मुले आधी हसतात. त्यात त्यांचा दोष नाही. मी इंजिनासारखा दिसतच नाही. पुढे वीतभर चिमणी, तिच्यामागे थोडासा बॉयलर, आणि मग सगळ्या अंगाभोवती खिडक्याच खिडक्या. कोणीतरी काचेच्या कपाटाला चाके लावून रुळांवर सोडून द्यावे, तसा माझा अवतार आहे. आमच्या खोऱ्यातले लोक मला 'काचघर' म्हणत. सुरुवातीला चिडवायला म्हणत, पुढे तेच नाव पडले.

माझी हकिकत सांगायला मी नेहमी का कू करतो. ज्या गोष्टीसाठी माझे सगळ्यात जास्त कौतुक झाले, तिचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. शंभराहून अधिक वर्षे उलटली. माझ्या बॉयलरमध्ये आता थेंबभर पाणी नाही. तरी ती ऑक्टोबरमधली सकाळ आठवली की माझे लोखंड अजून गार पडते.

माझा जन्म १९०८ सालचा, बव्हेरियातल्या एका कारखान्यातला. आमचा मार्ग छोटासा होता. वर डोंगरात हिंटरमूस, खाली गावात राइटनबर्ग आणि मध्ये लोहबाख. गाडीला दोन डबे, दुधाचे कॅन, बिअरची पिंपे आणि कधी एखादे हंबरणारे वासरू. या मार्गावर माझ्याआधी मोठी, जड इंजिने चालत. त्यांच्यावर दोन माणसे असत. एक ड्रायव्हर आणि एक कोळसा टाकणारा फायरमन. मार्ग चालवणाऱ्या कंपनीला वाटू लागले की एवढ्याशा गाडीला दोन माणसे कशाला?

हा प्रश्न लेब्रेख्ट नावाच्या इंजिनियरने सोडवला. तो उंच, किडकिडीत, फार हुशार माणूस होता. त्याने आगीच्या वरच कोळशाची मोठी कोठी बसवली. कोठीच्या तोंडाला एक झडप, आणि झडपेपासून एक लोखंडी दांडी थेट चाकांपर्यंत. चाके ठरावीक वेळा फिरली की झडप उघडायची, कोळसा उतरणीवरून घसरायचा आणि आपोआप आगीत पडायचा. चाके जितकी वेगाने फिरतील तितका कोळसा जास्त. फावड्याचे काम नाही, फायरमनचेही नाही.

पहिल्याच झटक्यात काही हे जमले नाही. आम्ही तीन भावंडे. थोरल्याच्या कोठीत कोळसा अडकून बसायचा. मधल्याची झडप उघडली की मिटायचीच नाही, त्यामुळे त्याच्या आगीचा नुसता डोंगर व्हायचा. लेब्रेख्टसाहेबांनी सहा महिने जागरणे करून उतरण बदलली, झडप बदलली, आणि मग मी झालो. मी एकदाही अडकलो नाही. कारखान्यातल्या लोकांनी टोप्या उडवल्या.

मला चालवून पाहायला कंपनीने आपली सगळ्यात मुरलेली जोडी पाठवली. ड्रायव्हर कोर्बिनियान आणि फायरमन वीटुस. कोर्बिनियान धिप्पाड, झुबकेदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा. वीटुस बारका आणि तोंडाने तिखट. चौदा वर्षे ते एकाच इंजिनावर होते. एकाच्या डब्यातला मुळा दुसऱ्याच्या पावावर, असे त्यांचे चालायचे.

"फावडं खाली ठेवा, वीटुस," लेब्रेख्टसाहेब म्हणाले. "आज तुम्ही फक्त बघायचं."

"बघायला माणसं कमी आहेत का?" वीटुस म्हणाला. "चारी बाजूंनी काचा लावल्यात तुम्ही. गावच्या गाईसुद्धा बघतील."

आम्ही हिंटरमूसपर्यंत चढलो. माझी झडप टक् टक् करत उघडत होती, मिटत होती. आग एकसारखी जळत होती. वीटुस कोपऱ्यात हात बांधून उभा होता. त्याचे ते रिकामे हात मला अजून दिसतात.

वर पोचल्यावर कोर्बिनियानने टोपी काढून घाम पुसला. "साहेब, इंजिन गुणी आहे. पण एक विचारू? एकटाच असताना मला घेरी आली तर?"

"तुम्हाला?" साहेब हसले. "अहो, तुम्ही तर बैलासारखे आहात!"

"बैलही पडतात, साहेब."

"मागे डब्यात गार्ड असतो. त्याच्याकडे हाताचा ब्रेक आहे. आणखी काय हवं?"

सगळे हसले. मित्रांनो, मला हसता आले असते तर मीही हसलो असतो. मला माझाच फार अभिमान वाटत होता.

मग कंपनीच्या माणसाने एक कागद पुढे केला. हे इंजिन चालवायला एक माणूस पुरे, असे त्यावर लिहिले होते. कोर्बिनियानने तो दोनदा वाचला. माझ्या धक्का झेलणाऱ्या बफरच्या तबकडीवर कागद टेकवून त्याने सही केली. वीटुस हे पाहत होता.

"तू सही केलीस?"

"मी नसती केली, तर दुसऱ्या कुणी केली असती, वीटुस."

"मग दुसऱ्याला करू द्यायची होतीस!"

तेवढेच. त्यानंतर वीटुस त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याला लोहबाख स्टेशनवर सांधेवाला म्हणून नेमले. रूळ बदलायचा दांडा ओढायचा आणि गाडी गेली की परत ढकलायचा, एवढेच काम. आम्ही दिवसातून चार वेळा तिथून जात असू. दर वेळी कोर्बिनियान खिडकीतून अर्धा बाहेर वाकून आमच्याकडचा रामराम ओरडून घालायचा, "ग्रुस गॉट, वीटुस!" आणि दर वेळी वीटुस पाठ फिरवायचा. नऊ वर्षे हे चालले. हाकही चुकली नाही आणि पाठही.

सुरुवातीच्या वर्षांत माझे फार कोडकौतुक झाले. दूरदूरचे इंजिनियर मला पाहायला आले. एका वर्तमानपत्राने लिहिले, 'स्वतःच्या हाताने जेवणारे इंजिन'. फोटो काढले. कोर्बिनियान माझ्या काचा रोज घासून लख्ख ठेवी.

मग महायुद्ध आले. तरुण माणसे गेली. घोडे गेले, तोफांच्या धातूसाठी तांब्याची भांडी गेली, चर्चची घंटासुद्धा गेली. आमचा गार्डही गेला. त्याच्या जागी वीटुसची मुलगी आली, वाल्बुर्गा. सगळे तिला बुर्गल म्हणत. बापासारखीच बारीक अंगाची आणि बापासारखीच तोंडाळ. गार्डचा कोट तिला दोन बोटे मोठा होता. कोर्बिनियानला ती काका म्हणे. बापाचा अबोला तिने पुढे चालवला नाही.

"काका, तुमचा डबा हलका झालाय हल्ली."

"सगळ्यांचेच झालेत, पोरी. सलगमाचा पाव किती खायचा?"

पण डबाच नव्हे, कोर्बिनियानही हलका झाला होता. चढावर तो आता अवजारांच्या पेटीवर बसायचा. डावा खांदा चोळत राहायचा. स्टेशन आले की उठून ताठ उभा राहायचा आणि मिशीतून हसायचा. हे फक्त मला माहीत होते. माझ्या चारी बाजूंना काचा होत्या, पण आत कोणी पाहत नव्हते.

१९१७ च्या ऑक्टोबरमधला तो गुरुवार होता. राइटनबर्गचा बाजाराचा दिवस. दोन्ही डबे गच्च भरले होते. बटाट्यांच्या गोण्या, अंड्यांच्या टोपल्या, कुबड्या टेकत सुट्टीवर निघालेले दोन शिपाई, शाळकरी मुले. एकूण त्रेसष्ट माणसे. सकाळचे दहा वाजले होते. ऊन चांगले पडले होते.

हिंटरमूसच्या पुढे चढ आहे. चढाच्या माथ्यावर एक लहानसे चॅपेल आहे. तिथपर्यंत वाफ पूर्ण सोडावी लागते. माथा आला की ड्रायव्हर वाफेचा दांडा ओढून बंद करतो, कारण पुढे थेट राइटनबर्गपर्यंत उतार आहे. कोर्बिनियानने माथ्यावर दांड्याकडे हात नेला. हात अर्ध्यावर थांबला. त्याने एकदाच 'अरे' म्हटले, अगदी हळू, कोणी दारात अनपेक्षित उभे असावे तसे. मग तो माझ्या लोखंडी जमिनीवर पडला.

मी वाट पाहिली. मला वाटले, उठेल.

तो उठला नाही. आणि मित्रांनो, मी थांबलो नाही. मला थांबता येतच नव्हते. वाफेचा दांडा उघडा होता. मी माथ्यावरून खाली निघालो. चाके वेगाने फिरू लागली. चाके वेगाने फिरू लागली म्हणून झडप भराभर उघडू लागली. टक् टक् टक् टक्. कोळसा आगीत पडत राहिला. आग वाढली, वाफ वाढली, वेग वाढला. आणि वेग वाढला म्हणून आणखी कोळसा. माझा माणूस माझ्या पायाशी पडला होता आणि मी जेवत होतो. त्या क्षणी मला स्वतःची जी भीती वाटली, तशी कशाचीही कधी वाटली नाही.

मागच्या डब्यांत कोणालाच काही कळले नव्हते. माणसे गप्पा मारत होती. एक शिपाई म्हणाला, "वा, आज काचघराला घरची ओढ लागलेली दिसतेय!" लोक हसले. बुर्गल पहिल्या डब्याच्या पुढच्या उघड्या सज्जात उभी होती. तिला वाटले, काका उशीर भरून काढताहेत. पण लोहबाखचे पहिले घर आले तरी वेग कमी होईना, तेव्हा तिने हाताच्या ब्रेकचे चाक आवळायला सुरुवात केली. ब्रेकमधून धूर निघाला. डबा किंचाळला. मी मात्र ओढतच राहिलो.

लोहबाखच्या फलाटावर वीटुस उभा होता, नेहमीसारखी पाठ करून. तो हाकेची वाट पाहत होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. नऊ वर्षे पाठ फिरवून त्याने ती हाक ऐकली होती. त्या दिवशी हाक आली नाही. म्हणून तो वळला.

त्याने माझ्याकडे पाहिले. सकाळचे ऊन माझ्या एका बाजूच्या काचांतून शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. मध्ये कोणीच नव्हते. माझ्या आरपार त्याला पलीकडचे सफरचंदाचे झाड दिसले.

मी त्याच्यासमोरून धडधडत गेलो. मागोमाग बुर्गलचा डबा आला. तो तिच्याबरोबर धावू लागला, बारक्या पायांनी, टोपी पडली तरी.

"बुर्गल! आत कोणी नाही!"

"काय?"

"इंजिनात कोणी नाही! कोर्बी नाही आत! बुर्गल, आत कोणीच नाही!"

फलाट संपला. बुर्गलने बापाला लहान लहान होत जाताना पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले होते. मग तिने माझ्याकडे पाहिले.

तिच्या आणि माझ्यामध्ये काय होते? दोन बफर, एक आकडा, एक साखळी आणि खाली पळणारे रूळ. माझी मागची बाजू म्हणजे वर अरुंद काचा आणि खाली सपाट पत्रा. दार नाही, फळी नाही, धरायला कडी नाही. कारण इंजिनावरून डब्यात किंवा डब्यातून इंजिनावर कोणाला जावे लागेल, असे कोणाच्या मनातच आले नव्हते. पत्र्याच्या खाली चार बोटे रुंदीची कड होती, तेवढीच. पुढे राइटनबर्ग दहा किलोमीटर. तिथे आमचा रूळ संपतो. रुळाच्या टोकाला लाकडी ओंडका, ओंडक्यामागे मुसाफिरखाना, आणि मुसाफिरखान्यात बाजाराची गर्दी.

बुर्गलने कोट काढून फेकला. झगा गुडघ्यावर ओढून गाठ मारली. तेवढ्यात डब्यातून आफ्रा आजी बाहेर आली. ही हिंटरमूसची डुकरे पाळणारी म्हातारी, हाडापेराने दणकट.

"कुठं निघालीस, पोरी?"

"इंजिनावर."

आजीने पुढे पाहिले, काचांतून आरपार पाहिले, आणि छातीवर क्रूस काढला. मग दुसरा प्रश्न न विचारता तिने कमरेचा ॲप्रन सोडला, बुर्गलच्या कमरेला करकचून बांधला आणि त्याची टोके मनगटाला गुंडाळली.

"जा. मी धरलंय. माझ्या हातून चार चार मणांची डुकरं सुटली नाहीत, तू काय सुटशील!"

बुर्गल साखळीवर उतरली. मी हिसके देत होतो. मला ते देता कामा नयेत असे वाटत होते, पण वाटण्याने काय होते? एकदा तिचा पाय घसरला. आजीने ॲप्रन खेचला. डब्यातल्या बायका ओरडल्या. "गप्प बसा गं!" आजी गरजली. बुर्गल पुन्हा चढली. माझ्या पत्र्याला गाल लावून, चार बोटांच्या कडेवर पावले आडवी ठेवत ती बाजूला सरकू लागली. पत्रा तापलेला होता. तिच्या गालाचा चटका मला कळला, आणि तिला माझा. ॲप्रन पुरेना, तेव्हा तिने स्वतःच गाठ सोडली.

बाजूच्या दाराची कडी आतून होती. वारा येतो म्हणून कोर्बिनियान ती लावून घेई. बुर्गलने खिशातून तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा काढला आणि माझ्या काचेवर हाणला. एकदा. दोनदा. नऊ वर्षे रोज घासलेली माझी काच फुटली. तिने हात आत घातला, तो मनगटापासून कोपरापर्यंत चिरत गेला, आणि कडी उघडली.

आत आल्यावर तिने काकांना पाहिले. त्यांना ओलांडून तिने समोर दिसला तो पहिला दांडा ओढला. तो शिटीचा होता. माझी शिटी सुरू झाली आणि अडकून वाजतच राहिली. सगळ्या खोऱ्यात ती ऐकू गेली. राइटनबर्गमध्ये लोक बाहेर येऊन पाहू लागले. बुर्गलने दुसरा दांडा ओढला. वाफ बंद झाली. मग ती ब्रेकच्या चाकाला लटकली. रक्ताने हात निसटत होते, म्हणून तिने चाक कोपरात अडकवून फिरवले. दगडाच्या खाणीच्या वळणावर माझी एका बाजूची चाके क्षणभर रुळावरून उचलली गेली. मग ती खाली आली. राइटनबर्गची धुराडी दिसू लागली, नंतर घरे, नंतर घरांच्या खिडक्यांतली माणसे. आणि मी थांबलो.

लाकडी ओंडका माझ्यापुढे तीस पावलांवर होता.

चाके थांबली तशी झडपही थांबली. तेव्हाच. त्याआधी क्षणभरही नाही.

थोड्या वेळाने वीटुस आला. लोहबाखहून रूळ तपासायची ट्रॉली उतारावर सोडून, ब्रेकचे लाकूड पायाने दाबत तो आला होता. नऊ वर्षांनी त्याने माझ्यात पाऊल ठेवले. पाणी तळाला गेले होते आणि आग रसरसत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर माझा बॉयलर फुटला असता. त्याने लेकीचे हात पाहिले.

"हलतात का बोटं?"

"हलतात."

"मग खाली उतर. लोकांना लांब कर."

त्याने आकड्याने सगळी आग खाली ओढून काढली. हातोडीचे दोन घाव घालून झडपेची दांडी चाकांपासून तोडली. मग तो कोर्बिनियानजवळ बसला आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की कोर्बिनियान माथ्यावरच गेला होता. पडायच्या आधीच. म्हणजे लोहबाख ओलांडून सगळी वाट मी एका मेलेल्या माणसाला घेऊन धावलो होतो.

"गाढवा," वीटुस त्याला म्हणाला, "बरं वाटत नाही म्हणून सांगायचंस ना. मी तुला शिव्या दिल्या असत्या. पण आलो असतो."

मला वाटले, यापेक्षा मोठा धक्का आता उरला नाही. पण तो चार दिवसांनी बसला. चौकशीसाठी कंपनीचा संचालक आला. लेब्रेख्टसाहेबही आले. शेडमध्ये, माझ्यासमोरच सगळे उभे राहिले. बुर्गलच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

संचालकाने नियमांचे पुस्तक उघडले. "चालत्या गाडीत गार्डने आपला डबा सोडायचा नाही. तुम्ही सोडलात. तुम्हाला कामावरून कमी करण्यात येत आहे."

"मग काय करायचं होतं मी?" बुर्गलने विचारले. "डब्यात बसून तिकिटं तपासायची?"

"इंजिन निर्दोष आहे," संचालक म्हणाला. "ते एकदाही अडलेलं नाही."

"नाही अडलं," वीटुस म्हणाला. "तेच तर झालं, साहेब. अडलं असतं तर बरं झालं असतं."

लेब्रेख्टसाहेब पुढे आले. ते बुर्गलजवळ गेले. "तुम्ही कुठून गेलात, मला दाखवाल?"

तिने पट्टी बांधलेल्या हाताने दाखवले. साखळी, बफर, कड, दार. साहेबांनी कोट काढला आणि ते स्वतः चढू लागले. मी उभा होतो. थंड होतो. जरासुद्धा हलत नव्हतो. साखळीपर्यंत ते ठीक पोचले. कडेवर एक पाय ठेवला, धरायला काही शोधले, हात माझ्या सपाट पत्र्यावरून घसरला आणि ते खाली रुळांत पडले. गुडघा फुटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पडले.

ते तिथेच रुळात बसून राहिले. माझ्याकडे वर पाहत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी त्या सकाळी बुर्गलच्या चेहऱ्यावर पाहिले होते.

"त्यांनी मला विचारलं होतं," ते म्हणाले. "कोर्बिनियानने. पहिल्याच दिवशी. आणि मी हसलो." मग ते संचालकाकडे वळले. "चूक या मुलीची नाही. चूक माझ्या आराखड्यात आहे. तिला काढलंत, तर यापुढे एकाही इंजिनाचा आराखडा मी काढून देणार नाही."

संचालकाने पुस्तक मिटले. आठवड्याभरात बुर्गलला परत कामावर बोलावणे आले.

लेब्रेख्टसाहेबांनी मात्र तिथेच खडू मागून घेतला. माझ्या मागच्या पत्र्यावर त्यांनी एक दार काढले. "एवढं पुरेल?" त्यांनी बुर्गलला विचारले.

"आफ्रा आजीला नाही पुरणार."

त्यांनी ते पुसून मोठे काढले. मग वीटुसला विचारले, "आणि झडप? ती कुणी उघडायची?"

"माणसाने, साहेब. हाताने. हात थांबला की आग मंद झाली पाहिजे."

तसेच झाले. मला मागे दार आले, पुढे-मागे लोखंडी फळी आली, दोन्ही बाजूंना कठडा आला. झडपेची दांडी कायमची गेली. माझ्यानंतर आमच्या जातीची बावीस इंजिने बांधली गेली, आणि ती सगळी जन्मतःच दारे घेऊन आली. आणखी एक नियम झाला. दर दोन स्टेशनांच्या मध्ये गार्डने एकदा फळीवरून इंजिनात जायचे आणि ड्रायव्हरचे तोंड पाहून यायचे.

पुढे माझे दिवसही फिरले. मोटारबस आली, आमचा मार्ग बंद पडला, आणि कितीतरी वर्षे मी बिअरच्या भट्टीमागे गंजत पडलो. माझ्या काचा पोरांनी दगडांनी फोडल्या. मग काही माणसांनी मला इथे आणून रंगवले. परवा एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "बघ, हे इंजिन आपोआप चालायचं!" त्यांच्या आवाजात किती कौतुक होते! मी आतून शहारलो.

म्हणून मित्रांनो, त्यांनी न सांगितलेले मी सांगतो. कोर्बिनियाननंतर माझ्यावर झेबाल्ड नावाचा ड्रायव्हर आला. महाकुरकुऱ्या माणूस. पहिल्याच फेरीत चॅपेलच्या चढावर मागचे दार उघडून बुर्गल आत आली.

"काय गं, काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग कशाला आलीस? मी मेलोय का ते बघायला?"

"हो," बुर्गल म्हणाली.

झेबाल्ड तिच्याकडे वळला. मग तिच्या हातांवरच्या व्रणांकडे त्याचे लक्ष गेले. त्याने अवजारांच्या पेटीवरचा आपला डबा उचलून तिला बसायला जागा केली. आणि तरीही पुढची अकरा वर्षे, प्रत्येक फेरीला, तो तिच्यावर खेकसत राहिला.

तुमच्याही आसपास कोणीतरी एकटे काम करत असेल. यंत्रापाशी, पहाऱ्यावर, स्वयंपाकघरात. सगळे सुरळीत चालले आहे, असेच बाहेरून दिसत असेल. तरी मधूनच उठा आणि त्यांच्याकडे एक चक्कर मारा. काही काम नसताना जा. ते तुमच्यावर खेकसले, तर निश्चिंत मनाने परत या.